पाठीचा कणा आणि चिनी सुई

'कणा' हा शब्द आपण मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. ताठ कण्याचा माणूस म्हणजे स्वाभिमानी माणूस. कर्ता मुलगा गेला की घराचा कणा मोडला. शेती हा तर देशाचाच कणा. या साऱ्या बोलण्यात ज्याचा कणा खरोखरीच मोडला आहे, तो माणूस मात्र कोठे दिसत नाही. तो असतो आतल्या खोलीत, कुशीवर निजवलेला. सणावाराला घर पाहुण्यांनी भरते, स्वयंपाकघरातून चकलीचा खमंग वास येतो, आणि आलेला पाहुणा त्या खोलीच्या दाराशी घुटमळून हलक्या आवाजात विचारतो, "आता कसं आहे? काही फरक?" या 'फरक' शब्दात त्या घराची सारी आशा साठवलेली असते. पुन्हा चालता येईल का, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

या आशेलाही इतिहास आहे, आणि तो मोठ्या लांबच्या वाटांनी आमच्या मुलखात आला आहे. एक वाट चीन देशातून निघते, सोलापूरच्या एका डॉक्टरच्या नावाला स्पर्श करते आणि कलकत्त्यावरून महाराष्ट्रात उतरते. दुसरी वाट इंग्लंडातल्या एका खेडेगावच्या इस्पितळातून निघते आणि आमच्या वाळवे तालुक्यातल्या पेठ गावच्या एका जवानाला गाठते. या दोन वाटांची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण त्या दोन्ही अखेर त्या आतल्या खोलीतल्या अंथरुणापाशी येऊन मिळतात, आणि त्यांतल्या कोणत्या वाटेवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवण्याची वेळ घरच्या माणसांवर येते.

प्रथम मुलखाविषयी दोन शब्द. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ पर्यंत वाळवे, तासगाव, खानापूर हे सारे साताऱ्यातच मोडत होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माणसे मात्र एकच राहिली. उसाच्या मळ्यात घाम गाळणारी, तालमीच्या मातीत लोळणारी आणि पलटणीत भरती होणारी. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात कणा मोडण्याची निमित्ते थोडी नसतात. कोणी आंब्याच्या फांदीवरून खाली येतो. कोणी उन्हाळ्यात पाणी आटलेल्या विहिरीत सूर मारतो. कोणाच्या अंगावर उसाचा ट्रॅक्टर उलटतो. कोणाला महामार्गावर रात्रीच्या वेळी मालमोटार धडकते. आणि कोणाला सीमेवर गोळी लागते.

आता कणा मोडतो म्हणजे काय होते? मणका हे हाड आहे आणि हाड सांधते. पण मणक्यांच्या माळेतून मज्जारज्जू नावाची एक मऊ दोरी खाली उतरलेली असते. जाडीला करंगळीएवढी, लांबीला सुमारे दीड फूट. मेंदूचा हुकूम पायांना आणि पायांची खबर मेंदूला तिच्याच वाटेने पोचते. ती चेंगरली की खालच्या अंगाचा वरच्याशी असलेला व्यवहार थांबतो. हात कापला तर त्यातली नस हळूहळू पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूचे तंतू मात्र प्रौढ माणसात तसे वाढत नाहीत. म्हणूनच या दुखण्याने सर्व देशांच्या, सर्व काळांच्या वैद्यांना हात टेकावयास लावले.

इजिप्तमध्ये सापडलेल्या सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय गुंडाळीत मानेचा मणका निखळलेल्या रुग्णाचे वर्णन आहे. हातपायांची जाणीव गेलेली, लघवी नकळत ठिबकणारी. लक्षणे अचूक लिहून वैद्य शेवटी निर्णय देतो, की या दुखण्यावर इलाज करू नये. आपल्या सुश्रुताने मोडलेल्या हाडांसाठी 'कपाटशयन' सांगितले. रोग्याला लाकडी फळीवर निजवावे आणि शरीर हलू नये म्हणून खुंट्यांनी बांधून ठेवावे. आजचा डॉक्टरही अपघातस्थळी पहिली गोष्ट तीच सांगतो, की जखमीला गोधडीत गुंडाळून उचलू नका, फळीवर सरळ ठेवा. एवढ्या एका सूचनेने किती कणे वाचले असतील!

चिनी वैद्यांनी या दुखण्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. त्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आद्य वैद्यकग्रंथात, ज्याला 'पीत सम्राटाचा ग्रंथ' म्हणतात, 'वेई' नावाच्या विकारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वेई म्हणजे अंग लुळे पडून वाळत जाणे. शरीरात वाहिन्यांतून 'ची' नावाचा प्राण वाहतो, तो अडला की अवयव सुकतात, अशी त्यांची कल्पना. पाठीच्या मधोमध वर जाणारी वाहिनी ती 'तू' वाहिनी, साऱ्या तेजाची अधिपती. कण्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने बिंदू आहेत, त्यांना ह्वा थ्वो या इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील विख्यात वैद्याचे नाव आहे. गंमत अशी, की वेईवर त्या ग्रंथाचा भर पाठीवरच्या वाहिनीवर नाही. पोट आणि अन्नरस यांच्याशी संबंध असलेल्या वाहिनीवर आहे. अंग पोसले तर अवयव जगेल, हा त्यामागचा विचार. मज्जारज्जू त्यांना ठाऊक नव्हता, पण लुळ्या पडलेल्या माणसाला पोसावे लागते, हे ठाऊक होते.

सुई, डागणी आणि तुंबडी ही त्या वैद्यकाची तीन हत्यारे. दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या सुक्या पानांची बोंडे करून ती बिंदूवर वा त्याच्याजवळ पेटवतात. आणि पेल्यात ज्योत फिरवून तो पाठीवर पालथा घालतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही. गुडघा धरला तर बिब्ब्याने डागणे, सुजलेल्या जागी तुंबडी लावणे, हे आमच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. 'तुंबडी भरणे' हा वाक्प्रचार तर दुसऱ्याचे रक्त शोषून आपले भरून घेणाऱ्यांसाठी मराठीने कायमचा राखून ठेवला आहे. तो वाक्प्रचार पुढे एकदा लागणार आहे, म्हणून ध्यानात असू द्यावा.

चिनी सुई आज एवढी मानाची झाली असली, तरी तिला तिच्याच घरात वाईट दिवस काढावे लागले आहेत. १८२२ साली चीनच्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचे शिक्षण बंद केले. १९२९ साली तेथल्या सरकारपुढे देशी वैद्यक मुळातूनच मोडीत काढण्याचा ठराव आला, आणि वैद्य रस्त्यावर उतरले तेव्हा तो बारगळला. आपल्याकडे आयुर्वेदाची याच काळात जी ओढाताण चालली होती, तिच्याशी हे किती जुळते! साताऱ्याला विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात जे वैद्यक महाविद्यालय निघाले, त्याचे नावच मुळी 'आर्यांग्ल'. आर्य आणि आंग्ल, दोन्ही विद्या एका छपराखाली. दोन वैद्यकांचा संसार कसा लावावा हा प्रश्न आम्हांला आणि चिन्यांना एकाच वेळी पडला होता.

आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्यातला एक मराठी तरुण चीनला निघाला. जपानने चीनवर आक्रमण केलेले होते आणि चिनी सेनानींनी मदतीची हाक दिली होती. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवावयाचे ठरवले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोट सुटली. तिच्यावर पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुकर्जी होते, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेव्हा अठ्ठाविशीतही पोचले नव्हते. बाकीचे चौघे पुढे परतले. कोटणीस मात्र आघाडीवरच्या शस्त्रक्रियांत रमले, बेथ्यून शांती-इस्पितळाचे प्रमुख झाले, को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने ही कथा घरोघर पोचवली. ती मी येथे पुन्हा आळवीत बसत नाही.

मला सांगावयाचे आहे ते निराळेच. कोटणीस हे सुईचे वैद्य नव्हते. ते पाश्चात्त्य पद्धतीचे शल्यवैद्य होते, चाकू-कात्रीचे. कोटणीस गेल्यानंतर, १९४५ च्या सुमारास, येनानच्या शांती-इस्पितळात सुईने उपचार सुरू झाले. झू ल्येन नावाच्या, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या एका स्त्री डॉक्टरने ती विद्या एका जुन्या वैद्याकडून घेतली, आणि १९५१ साली तिच्यावर नव्या पद्धतीचे पुस्तक लिहिले. औषधांची टंचाई, जखमींची रीघ आणि हाताशी फक्त सुया, अशा परिस्थितीने त्या जुन्या विद्येला नवा जन्म दिला.

ती विद्या भारतात आणली कोटणीसांच्या सोबत्याने. डॉ. विजयकुमार बसू १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईचे शास्त्र शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते वापरावयास सुरुवात केली. त्यांच्या शिष्यांनी आणि कोटणीसांच्या नावाने निघालेल्या समित्यांनी ती विद्या देशभर नेली; लुधियान्यात तर कोटणीसांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयच उभे राहिले. अशा रीतीने ज्या विद्येला त्यांनी कधी हात लावला नाही, तिच्याच पाटीवर आमच्या सोलापूरकराचे नाव झळकले! इतिहासाच्या अशा लहरी असतात. पण त्यात एक न्यायही आहे. परक्याच्या दुःखाला धावून जाणे हीच कोटणीसांची खरी विद्या होती, आणि ती कोणत्याही पाटीवर शोभते.

पुढे १९७१ साली अमेरिकेतील एक नामांकित वार्ताहर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्याने आजारी पडला. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगून त्याला त्रास होऊ लागला, तो सुयांनी कमी झाला. त्याने ती हकीकत आपल्या वृत्तपत्रात लिहिली आणि साऱ्या जगाला सुईचे वेड लागले. शास्त्रज्ञही मागे लागले. सुई टोचल्यावर शरीर आपले आपणच वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे १९७६ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. तेव्हा 'ची' मानो वा न मानो, सुईने वेदना कमी होण्यात काही तथ्य आहे, हे मान्य करावे लागले. आपल्या महाराष्ट्राने '२०१५ चा' म्हणून ओळखला जाणारा अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला, आणि २०१९ साली केंद्र सरकारनेही ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट एका निर्वासिताची आहे. लुडविग गुटमान हे जर्मनीतील ज्यू मेंदूवैद्य. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये ते इंग्लंडला पळून आले. १९४४ साली स्टोक मँडव्हिल या गावच्या इस्पितळात कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. तोवर अशा सैनिकांचे भवितव्य ठरलेले असे. प्लॅस्टरमध्ये जखडून कोपऱ्यात ठेवावयाचे आणि वाट पाहावयाची. ते कण्याच्या इजेने मरत नसत. पाठीला पडलेल्या क्षतांनी आणि लघवी तुंबून बिघडलेल्या मूत्रपिंडांनी मरत. गुटमान यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. त्यांनी नियम घातला, की रात्र असो वा दिवस, रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवरून कुशीवर वळवावयाचेच. लघवी ठरलेल्या वेळी स्वच्छ नळीने काढावयाची. आणि अंगावर जे स्नायू चालू आहेत त्यांना कामाला लावावयाचे. परिचारिका कंटाळल्या, डॉक्टर हसले. पण माणसे जगू लागली.

माणसे जगू लागल्यावर प्रश्न आला, जगून करावयाचे काय? गुटमान यांनी त्यांच्या हाती धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असता, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ जणांनी नेमबाजीची स्पर्धा केली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. त्या खेळांतूनच पुढे आजचे पॅरालिंपिक उभे राहिले.

त्या खेळांच्या यादीत आमच्या मुलखाचे नाव ज्याने घातले, तो जवान म्हणजे मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४ चा, इस्लामपूरजवळच्या पेठ गावचा. म्हणजे जन्माने सातारा जिल्ह्याचे आणि पुढे सांगलीचे. लष्कराच्या ई.एम.ई. दलात ते भरती झाले आणि मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी नाव काढले. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्याशी जाऊन बसली ती बसलीच. कमरेखालचे अंग गेले. मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार चालू असता व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. पाण्याला पाय लागत नाहीत, हात पुरतात. मुष्टियोद्ध्याचे हातच ते!

१९६८ साली तेल अविव येथील पॅरालिंपिकला पेटकर टेबलटेनिस खेळावयास गेले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली, तीही जागतिक विक्रम करून. पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. ज्या देशातून गुटमान जीव मुठीत धरून पळाले, त्याच देशात त्यांच्या विद्येचे हे फळ पेठच्या जवानाच्या गळ्यात पडले. दाद मात्र उशिरा मिळाली. पद्मश्री २०१८ साली आली आणि अर्जुन पुरस्कार त्याहूनही नंतर, २०२५ च्या जानेवारीत. १९७४ साली पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र निघाले. कमरेखाली जाणीव नसलेली माणसे तेथे खुर्चीतून चेंडू खेळतात आणि हातांना काम शिकतात.

वाचकहो, आता या दोन वाटा एकत्र येतात तेथे चला.

आमच्या भावकीतला एक तरुण विहिरीच्या काठावरून आत पडला आणि त्याचे कमरेखालचे अंग गेले. इस्पितळातून घरी आणल्यावर सहा महिन्यांनी कोणीतरी एका सुया टोचणाऱ्या गृहस्थाचे नाव सुचवले. 'चीनमध्ये शिकून आलोय, चालवून दाखवतो,' अशी त्यांची बोली. पहिल्याच दिवशी मी तेथे बसलो होतो. गृहस्थांनी पोटरीत सुया रोवल्या, त्यांना तारा जोडून वीज सोडली, आणि त्या निर्जीव पायाला एकदम झटका बसला. मुलाची आई किंचाळली, "हालला! आरं, पाय हालला बघा!" तिने तशीच धावत जाऊन देवापुढे दिवा लावला. त्या एका झटक्यावर घराने वर्षभर सुयांचे पैसे भरले आणि त्यापायी विहिरीखालचे अर्धा एकर बागाईत गेले.

तो झटका खरा होता. त्याचा अर्थ मात्र निराळा होता. मज्जारज्जू तुटल्या जागेखाली मेलेला नसतो. मेंदूशी संबंध सुटला, तरी आपल्यापुरता तो जिवंत असतो. टोचले, चिमटा घेतला, कधी नुसती चादर सरकली, तरी तो परस्पर पायाला झटका देतो. विजेने तर स्नायू सरळच आखडतो. दोरी तुटलेल्या पतंगानेही वाऱ्यावर गिरकी घ्यावी, तसे ते आहे. ही गोष्ट जाणणारा वैद्य ती पहिल्या दिवशी समजावून सांगतो. तुंबडी भरणारा ती सांगत नाही.

दुसरी एक गोष्ट अशीच समजून घ्यावयास हवी. ज्यांचा मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही, थोडे धागे शाबूत आहेत, अशांना पहिल्या सहा महिन्यांत, वर्षात आपोआप बरेच काही परत मिळते. कोणाच्या बोटाला जाणीव येते, कोणाचा घोटा वळतो, कोणी काठी घेऊन उभाही राहतो. या काळात जो उपचार चालू असेल त्याला यश मिळते; मग ती सुई असो, तेल असो, की कुलदैवताचा अंगारा. म्हणून सुईने खरोखर काय केले हे पाहावयाचे, तर सारख्याच इजेचे रुग्ण घेऊन काहींना सुई द्यावी, काहींना देऊ नये, आणि तुलना करावी. असे प्रयोग झाले आहेत. तैवानमधील डॉक्टरांनी २००३ साली १०० रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. इजेनंतर लगेच सुया आणि वीज दिलेल्यांत पुढल्या वर्षात सुधारणा अधिक झाली, असे त्यांनी लिहिले. पण कोणाला सुई दिली हे सर्वांना ठाऊक होते, आणि मागाहून असे सारे प्रयोग एकत्र तपासणाऱ्यांनी त्यांची प्रत कच्ची ठरवली. सतत खुर्ची ढकलून ज्यांचे खांदे भरून येतात, अशांवर अमेरिकेत प्रयोग झाला. खऱ्या सुईनेही दुखणे उतरले आणि लटक्या सुईनेही. दोहोंतला फरक ठाम म्हणता आला नाही.

मग सुईला येथे जागाच नाही काय? आहे, पण ती धाकट्या भावाची. कण्याच्या रुग्णाला वेदना फार असतात. खांदे दुखतात, आणि ज्या पायांना स्पर्श कळत नाही तेच पाय आतून जळत असल्याचा भास होतो. या वेदनेवर गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. जाणत्या हाताच्या, स्वच्छ, एकदाच वापरून टाकावयाच्या सुईने कोणाला रात्रीची झोप मिळत असेल, तर ती लाखमोलाची आहे. फक्त तीन पथ्ये पाळावयास हवीत. पहिले, सुईसाठी वळवणे, नळी आणि व्यायाम यांतले काहीही सोडू नये. दुसरे, जाणीव नसलेल्या अंगावर डागणी, शेक वा गरम पेला कदापि लावू नये. त्याला चटका कळत नाही, आणि एका फोडाचे क्षत होऊन माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. आमच्या बिब्ब्यालाही हाच नियम लागू. तिसरे, इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर खालच्या अंगाला टोचताना रक्तदाब एकाएकी चढू शकतो. डोके ठणकू लागले, तोंड लाल होऊन घाम फुटला, तर त्याच क्षणी सुया काढाव्या, रुग्णाला उठवून बसवावे आणि डॉक्टरला गाठावे.

आमच्या भावकीतल्या त्या तरुणाच्या बाबतीत खरा 'फरक' पडला तो सुयांचे पैसे संपल्यावर. फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंनी घरी येऊन आईला वळवावयास शिकवले, वडिलांना नळी उकळावयास शिकवले, आणि मुलाला दोन हातांवर अंग उचलून खाटेवरून खुर्चीत यावयास शिकवले. पाठीचे क्षत चार महिन्यांत भरले. आज गावच्या स्टँडसमोर त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. खांदा भरून आला म्हणजे महिन्यातून एकदोनदा तो सुया घेतोही. पण त्या आता खांद्यासाठी, आणि आपल्या पैशाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मज्जारज्जूच्या इजेसह जगणारी माणसे आज जगात दीड कोटीच्या वर आहेत. उद्या शास्त्रज्ञांना ते तुटलेले तंतू जोडता आले, तर त्यासारखा आनंद नाही. आणि त्या दिवसासाठी शरीर शाबूत ठेवावयाचे, तरी उपाय तेच आहेत. कोटणीस ज्या ओढीने समुद्र ओलांडून गेले आणि गुटमान ज्या हट्टाने दर दोन तासांनी घड्याळ पाहत राहिले, त्यांत मला काही अंतर दिसत नाही. दोघांनीही रुग्णाला चमत्कार देऊ केला नाही. आपला वेळ दिला. आणि हे दान असे आहे, की ते घरचा कोणीही देऊ शकतो. रात्री दोनला उठून भावाला कूस बदलून देणाऱ्या बहिणीला कोणते शास्त्र ठाऊक असावे लागते?

तेव्हा या दिवाळीला अशा एखाद्या घरी जाल, तर दारातून 'काही फरक?' असे विचारू नका. आत जा, खुर्ची ओढून बसा, आणि विचारा, "काय, सध्या काय करतोस?" या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येते. ते उत्तर ऐकावयास मात्र वेळ काढून जा.